भट्टीला कुणी विचारलं नाही

सान लुकास, ३ मे १९९७

ओतिलिया,

डॉक्टर, संचालक आणि आणखी जे काय तुला लावतात ते पाकिटावर लिहिलंय, पोस्टमनला कळावं म्हणून. आत तू नुसती ओतिलियाच.

परवा राजधानीच्या कुंभारजत्रेत तू माझ्या दुकानासमोर थांबलीस. मागे पंधरा माणसं, दोन कॅमेरे. तुझ्या त्या हातमोजेवाल्या पोरीनं माझ्या मोलेचा रस्सा शिजवायच्या कढईला ओला कापूस घासला आणि कापूस गुलाबी झाला. गुलाबी म्हणजे शिसं, हे आता आमच्या गावातल्या कोंबड्यांनाही माहीत आहे. तूच शिकवलंस. मग तू कॅमेऱ्याकडे बघून म्हणालीस, "माझी सख्खी बहीण असली तरी नियम एकच. या बाईनं फसवलंय." आणि 'बिनशिशाची भांडी' ही हिरवी पाटी स्वतःच्या हातानं उतरवलीस.

या बाईनं. पन्नास वर्षांत मला तू बरंच काय काय म्हणालीस, 'ही बाई' कधी म्हणाली नव्हतीस.

मी फसवलं नाही. हे एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही.

दोन वर्षं झाली, ग्रेताची पूड माझ्या उंबऱ्याच्या आत आलेली नाही. आजीनं, आईनं, मी, सगळ्यांनी जन्मभर ती पिवळी पूड पाण्यात कालवून भांड्यांना चोपडली. भांड्याला चमक यायची ती त्या पुडीनं, आणि ती पूड म्हणजे निव्वळ शिसं. तू आलीस, पांढरी पूड दिलीस, म्हणालीस ही वापरा. गावात सगळ्यात आधी कुणी घेतली? मी. पहिल्या सहा भाजण्या वाया गेल्या. लाकूड दीडपट लागतं. चमक कशी आली ते गावातल्या चेपानं भर चौकात सांगितलं, "कोमाद्रे, तुझी भांडी म्हणजे तापकऱ्याची जीभ!" माझ्या नातीची, मिलाची धर्ममाता आहे, त्या नात्यानं मला कोमाद्रे म्हणते, म्हणून तिला सोडली.

तुझ्या प्रेमापोटी नाही घेतली ती पूड. आईचे हात डोळ्यांसमोरून जात नाहीत म्हणून घेतली. शेवटी तिला अतोलेच्या पेजेचा पेला धरता येत नव्हता. पोटात कळ आली की भिंतीला कपाळ टेकून उभी राहायची आणि आपल्याला सांगायची, काही नाही, हवा धरली आहे. तू तेव्हा लांबच्या दवाखान्यात होतीस. पेला मी धरत होते.

मला तिसरीतून काढलं कारण माती तुडवायला एक जण घरी हवंच होतं आणि तू पाढे चटकन म्हणायचीस. त्याचं मला काही नाही. हुशार मेंढी डोंगरावर, दांडगी गोठ्यात, ठीक आहे. पण गोठ्यातलीला चोर म्हणायचं नाही.

दहा तारखेला आयांचा दिवस आहे. आईच्या थडग्यावर मी सकाळी जाणार. तू दुपारनंतर ये.

प्रिमितिवा


२२ जून

ओतिलिया,

तुझं पत्र आलं. वर सरकारी गरुड, खाली शिक्का, मध्ये तीन ओळी. तपासणीचा निकाल बदलता येत नाही. जुनी पूड कुठे ठेवली आहेस ते सांग. मिलाचं रक्त तपासून घे.

बहिणीला शिक्का मारून पत्र धाडणारी तू पहिलीच असशील.

मिला ठीक आहे. सहा वर्षांची झाली. खाते, खेळते, बोलायचं तेवढं बोलते. तिची आई तिकडे उत्तरेत हॉटेलातल्या खोल्या झाडते आणि रविवारी फोन करते. तिला मी हेच सांगते, तुलाही हेच. पोरीचा विषय संपला.

आता तुझा विषय. लोक म्हणतात डॉक्टर ओतिलिया चुकत नाही. लोकांना काय माहीत! डॉक्टर झालीस त्या पहिल्या वर्षी तुला किनाऱ्यावरच्या त्या गावात धाडलं होतं. पोरं जुलाबानं मरत होती. तू विहीर तपासलीस, पाण्यात घाण सापडली, विहिरीला कुलूप लावलंस. दुसऱ्या दिवशी बायकांनी कुलूप फोडलं आणि तुझ्या खिडकीवर दगड मारले. तू घरी आलीस आणि आईच्या मांडीत डोकं घालून रडलीस. मी बाहेर माती तुडवत होते, सगळं ऐकलं. आईनं एवढंच विचारलं, "कुलूप लावायच्या आधी दुसरं पाणी किती लांब आहे ते बघितलंस का?" तू परत गेलीस. त्या बायकांबरोबर घडा घेऊन दोन तास चाललीस. पावसाळ्याआधी नळ आला. पेपरात नळ छापला, चालणं छापलं, रडणं नाही छापलं.

तेव्हापासून तू मोठी होत गेलीस. पोलिओचे थेंब घेऊन खेचरावर बसून डोंगर चढलीस, दोनदा पडलीस, खांदा अजून दुखतो, मला माहीत आहे. मंत्र्याला भर सभेत म्हणालीस की तुमच्या यादीतली अर्धी पोरं कागदावरच टोचली आहेत. बदली झाली. परत आलीस. आता अख्ख्या राज्याच्या पोरांचं आरोग्य तुझ्या टेबलावर. छान आहे. पण पुन्हा कुलूप लावलंस, ओतिलिया, आणि या वेळी चालून बघितलं नाहीस.

मी बघते आहे. ब्रश नवे आणले. कालवायचं मडकं फोडलं. पाट बदलले, चाळण बदलली, पाणी पलीकडच्या झऱ्यावरून आणलं. दवाखान्यातली नर्स फिदेला मला तुमच्या त्या कापसाच्या काड्या गुपचूप देते. तिला ओरडू नकोस, तिच्या नवऱ्याला मी जन्माच्या वेळी दाईच्या हातातून घेतलंय, तिला नाही म्हणता येत नाही. दर भाजणीनंतर काडी घासते. गुलाबी. दर वेळी गुलाबी. ताजी पांढरी पूड भाजण्याआधी तपासली तर काडी पांढरीच. म्हणजे भाजताना कुठून तरी येतंय.

सेन्योर एवोदियो येऊन गेला. ट्रकवाला, आपला माल नेणारा, आणि पिवळी पूड विकणाराही तोच. टोपी काढून बसला. म्हणाला, "प्रिमितिवा, सख्ख्या बहिणीनं अशी अब्रू घ्यावी? मला तर झोप लागली नाही." मी म्हटलं, "झोप लागत नसेल तर तुमच्या पुडीचा वास कमी घ्या." हसला. परत येईल. असली माणसं पहिल्या खेपेला कामाचं बोलत नाहीत.

प्रिमितिवा


१७ ऑगस्ट

ओतिलिया,

बसलेली असशील तर बसूनच वाच.

मी दोन छोटी मडकी केली. नव्या खाणीची माती, नवा पाट, हात तीनदा धुतलेले. चमकेची पूड नाही. पिवळी नाही, पांढरी नाही, काही म्हणजे काही नाही. नुसती माती. एक मडकं आईच्या भट्टीत ठेवलं, भिंतीला लागून, नेहमीच्या मालाबरोबर. दुसरं मक्याच्या शेतात खड्डा खणून वेगळं भाजलं.

शेतातलं मडकं निघालं लाल, कोरडं, जसं नुसत्या मातीनं निघावं तसं. काडी पांढरी.

भट्टीतलं मडकं मी हातात घेतलं आणि खाली बसले. जी बाजू भिंतीकडे होती ती चमकत होती! कुणी काही चोपडलं नव्हतं आणि ते मडकं चमकत होतं, सणाच्या दिवशी तेल लावलेल्या पोरासारखं. काडी गुलाबी. दुसरी काडी. गुलाबी.

कळलं का तुला? चाळीस वर्षं त्या भट्टीत पिवळी पूड जळली. आईची वीस, माझी वीस. दर भाजणीला वाफ उठली आणि विटांनी ती पिऊन घेतली. आता मी आत काहीही ठेवलं तरी विटा ती वाफ परत सोडतात. चोर घरात नव्हता, घरच चोर होतं.

तू जन्मभर पुस्तकं वाचलीस. ब्रश तपासलेस, पूड तपासलीस, माझी नियत तपासलीस. भट्टीला कुणी विचारलंच नाही. कसं विचारशील? बाराव्या वर्षी गेलीस, भट्टीत कंबरेपर्यंत वाकून विटा कधी पुसल्यास? मी पुसल्यात. आणि मलाही दोन वर्षं सुचलं नाही, हेही लिहिते, नाहीतर म्हणशील प्रिमी फुशारकी मारते.

मडकी पाठवणार नाही. बघायची असतील तर ये.

दुसरं. एवोदियो परत आला, या वेळी कागद घेऊन. ऑक्टोबरात राजधानीत समिती बसणार आहे म्हणे, तुझं काम चालू ठेवायचं की गुंडाळायचं ते ठरवायला. तो आणि त्याच्यासारखे चार व्यापारी तिथे जाणार. म्हणणार, डॉक्टरणीची पांढरी पूड हेच थोतांड, तिच्या बहिणीच्याच भांड्यांत शिसं निघालं, गावोगावच्या पोरांच्या रक्ताचे आकडेही असेच फुगवलेले. खाली माझी सही हवी. म्हणाला, "तू तिची बहीण. तुझ्या सहीपुढे तिचं काही चालणार नाही."

मी कागद ठेवून घेतला. त्याला वाटलं विचार करते आहे. विचार करतच होते. तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही.

प्रिमितिवा


११ ऑक्टोबर

ओतिलिया,

परवा तुझ्याशी बोलले नाही, म्हणून लिहिते.

पहाटेची बस धरून आले. मांडीवर टोपली, टोपलीत दोन मडकी, वर मक्याच्या सालीत उकडलेले तमाल, फडक्यानं झाकलेले. शेजारचा माणूस दोन तास त्या तमालांकडे बघत होता, शेवटी त्याला एक दिला. तुझ्या त्या इमारतीत शिरताना शिपायानं अडवलं. "आजीबाई, विक्री बाहेर." मी म्हटलं, "आजी तुझी घरी असेल. मला आत बोलावलंय." बोलावलं होतं एवोदियोनं, पण ते त्याला कशाला सांगू?

तू टेबलाच्या टोकाला बसली होतीस. काळे कपडे, केस पांढरे झाले तुझे. माझ्याकडे बघितलं नाहीस. तुला वाटलं मी त्यांच्या बाजूची. एवोदियोलाही तेच वाटत होतं, त्यानं मला खुर्ची ओढून दिली.

तो जाड चष्म्याचा अध्यक्ष म्हणाला, "बाई, तुम्ही सही केलेला कागद द्या." मी कागद काढला. मागच्या कोऱ्या बाजूला मिलानं कोंबडी काढली आहे. तो त्याच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "सही नाही केली. बोलायला आले आहे."

एवोदियो कानाशी लागला, "प्रिमितिवा, हे ठरलं नव्हतं."

"तुम्ही ठरवलं होतं," मी म्हटलं, "मी ऐकत होते."

मग दोन्ही मडकी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. अध्यक्षानं चष्मा पुसला. "तुमचं शिक्षण किती?" "तिसरी." कुणीतरी हसलं. मी म्हटलं, "हसा. पण काडी घासून हसा." तुझी ती हातमोजेवाली पोरगी उठली, चांगली पोरगी आहे. तिनं काड्या घासल्या. शेतातलं पांढरं. भट्टीतलं गुलाबी. हसणं थांबलं.

तेव्हा तू उठलीस. मला वाटलं आता मोठमोठे शब्द येतील. तू म्हणालीस, "मे महिन्यात मी जत्रेत या बाईंना फसवी म्हणाले होते. चूक त्यांची नव्हती, माझी होती. हे लिहून घ्या." आणि लिहिणाऱ्याकडे बघत उभी राहिलीस, त्यानं लिहीपर्यंत बसली नाहीस. पुन्हा 'या बाईंना' म्हणालीस, पण ते चाललं.

अध्यक्ष म्हणाला, मग तर प्रश्न आणखी मोठा झाला. म्हणजे गावोगावच्या सगळ्या जुन्या भट्ट्या पाडायच्या? एवोदियो ओरडला, "बघा! ही डॉक्टरीण कुंभारांना रस्त्यावर आणणार!" तू म्हणालीस, "हो, पाडाव्या लागतील, आणि सरकारनं बांधून द्याव्या लागतील." मग ते आपसात कुजबुजले आणि म्हणाले, आधी एक पाडून दाखवा. नव्या विटा, नवी भट्टी, पांढरी पूड. माल स्वच्छ निघाला तर काम चालू, नाही निघाला तर बंद. कुणाची पाडता?

 तू खाली टेबलाकडे बघितलंस. तुला आईची भट्टी आठवत होती, मला दिसलं.

मीच म्हटलं, "माझी."

बाहेर व्हरांड्यात तू मागून धावत आलीस. "प्रिमी, थांब, जेवायला चल. अगं, निदान कॉफी." मी बस चुकेल म्हणाले. बस चुकणार नव्हती. मग तू विचारलंस, "मिलाचं रक्त तपासलंस?" मी म्हटलं, "तपासलं. ठीक आहे." आणि जिना उतरले.

प्रिमितिवा


२९ ऑक्टोबर

ओतिलिया,

मी व्हरांड्यात खोटं बोलले.

आता क्रमानं सांगते, मध्येच फोन करायला धावू नकोस, पोस्टातला फोन बिघडलाय. हे पत्र फिदेलाचा भाऊ मोटारसायकलवरून तुझ्या कचेरीत आणून देईल.

सोमवारी भट्टी पाडली. मृतांच्या सणाच्या तोंडावर, जेव्हा सगळं गाव धुपाटणी आणि मोलेच्या कढया भाजतं, तेव्हा मी घण घेऊन आईच्या भट्टीवर चढले. रडले नाही. वरचं तोंड पाडलं, मग खांदे, मग पोट. आतल्या विटा हिरवट चमकत होत्या, काचेसारख्या. एवढी देखणी चीज आणि एवढी हरामखोर.

संध्याकाळपर्यंत अंगणात विटांचा ढीग. मंगळवारी सकाळी बघते तर चेपा दोन पोरांना आणि हातगाडी घेऊन दारात. निम्मी गाडी भरून झाली होती.

"कोमाद्रे, तुला नकोत ना? सणाचा पाव भाजायला भट्टी बांधते आहे. तुझ्या विटा पक्क्या आहेत."

पावाची भट्टी, ओतिलिया. त्या विटांची.

मी म्हटलं, "ठेव खाली."

"अगं, फुकट टाकणार त्यापेक्षा..."

"ठेव म्हटलं ना!"

ती चिडली. तोवर कुंपणापाशी चार बाया जमल्या. चेपा मोठ्यानं म्हणाली, "बघा गं, राजधानीत जाऊन आली तर वीटसुद्धा द्यायला जड झाली हिला! बहिणीबरोबर नाव झालं ना आता. बहिणीनं सांगितलं असेल, विटा विषारी. हिच्या घरात तर सगळे धडधाकट आहेत की!"

मग मी बोलले. ठरवून नाही बोलले. तोंडातून निघालं.

"धडधाकट नाहीत. माझ्या मिलाच्या रक्तात एकतीस निघालंय. दहाच्या खाली असावं लागतं."

जूनमध्ये फिदेलानं रक्त घेतलं होतं. कागद जुलैत आला. तो मी पिठाच्या डब्याखाली ठेवला. तुला नाही सांगितलं, कारण तू म्हणाली असतीस, मी सांगितलं होतं. तिच्या आईला नाही सांगितलं, कारण ती तिकडून काय करणार? शाळेत बाई म्हणाल्या की पोरगी अक्षरं विसरते, तर मी बाईंना म्हटलं, माझी नात आहे, मीही विसरायची. सगळ्यांवर भुंकले. ती तान्ही असताना मी तिला पाठीला बांधून पिवळी पूड दळली, ओतिलिया. तुझी पांढरी पूड येईपर्यंत चार वर्षं. कुणी करायला लावलं नव्हतं. आई तसंच करायची, म्हणून केलं. मी जत्रेत चोर नव्हते, पण घरी मला हे माहीत होतं, आणि तुझ्यावरचा राग फार सोयीचा होता. राग असला की कागद वाचावा लागत नाही.

 चेपाच्या हातात वीट होती. तिनं ती खाली ठेवली, हळू, जशी अंडी ठेवतात. मग स्कर्टला हात पुसायला गेली आणि मध्येच थांबली, हात तसेच हवेत धरून उभी राहिली.

"कोमाद्रे," ती म्हणाली, "माझा धाकटाही अजून नीट बोलत नाही. मला वाटलं लाडानं."

मी घड्यातलं पाणी तिच्या हातांवर ओतलं. 

"हे रक्त कुठे काढतात? पाठीला बांधून तर मीही दळलंय."

"सगळ्यांनीच दळलंय," मागून कुणीतरी म्हणालं.

विटा मी आणि तिच्या पोरांनी मिळून खड्ड्यात पुरल्या, वर चुना टाकला. तेवढ्यात बातमी वरच्या वाडीपर्यंत गेली. दुपारी अंगणात अकरा बाया होत्या, आज सकाळी तेवीस. पोरं काखेत, पोरं बोटाला, दोन अजून पोटात. एवोदियोचा ट्रक खालच्या वळणावर उभा होता, भोंगा वाजवून गेला. एकीनंही माल दिला नाही. उद्या देतील कदाचित, पोट सगळ्यांनाच आहे. आज नाही दिला.

फिदेलाच्या सुया सकाळी दहालाच संपल्या. ती रडायला लागली, तिला दोन तोर्तिया खायला घालून बसवलं आहे.

तेव्हा ऐक. माफी मागायला येऊ नकोस, वेळ नाही. कॅमेरे आणू नकोस. 'मी सांगितलं होतं' हे तोंडातून काढलंस तर खड्ड्यात विटांशेजारी जागा आहे. सुया आण, नळ्या आण, ती हातमोजेवाली पोरगी आण. रक्तात जास्त निघालं तर पुढे काय करायचं असतं ते सांगणारं कुणीतरी आण, कारण हे मला मघापासून तेवीस बाया विचारताहेत आणि मला माहीत नाही.

रात्रीची बस मिळत असेल तर रात्रीची घे. मी रांग लावून ठेवली आहे.

प्रिमी